ग्यानोबा दफेदार हाय

१

भुजंगराव टेकाळे घरातले कर्ते झाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. एवढ्या वयात लोक कर्तेपण पोरांच्या गळ्यात टाकून मोकळे होतात. पण भुजंगरावांचे वडील दयानंदराव नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिले, आणि त्यांच्यासमोर भुजंगरावांची किंमत शाळकरी पोरापेक्षा कधी वाढली नाही. नांदेडच्या रेल्वे कार्यालयात ज्यांना सगळे 'टेकाळे साहेब' म्हणायचे, ते टेकाळे साहेब घरी कटिंगला जायचं तरी विचारून जायचे. "कशाला? परवाच तर केली," असं म्हातारा म्हणाला की निमूट चप्पल काढून ठेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात दयानंदराव गेले. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी भुजंगराव बैठकीतल्या खिडकीजवळच्या, वडिलांच्या शिसवी खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची कर्रकन वाजली. दुपारचा चहा आला तेव्हा बायकोनं, सिंधुबाईनं, पहिला कप त्यांच्या हातात दिला. आयुष्यभर पहिला कप बापाच्या हातात जाताना पाहिलेल्या माणसाला त्या एका कपाचं काय वाटलं असेल, ते सांगून समजायचं नाही. भुजंगरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. वडिलांच्या आठवणीनं आलं, असं सिंधुबाईला वाटलं आणि त्यांनीही तसंच वाटू दिलं.

बाकी माणूस साधा. एकच खोड होती, भाषणाची. कार्यालयात निरोपसमारंभ असो की शोकसभा, माईक भुजंगरावांच्या हातात. शोकसभेतलं त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "साहेब गेले असं मी म्हणणार नाही, साहेब आपल्यात आजही आहेत." हे त्यांनी इतक्या साहेबांबद्दल म्हणून ठेवलं होतं की या कार्यालयातून कुणी साहेब जातच नाही, नुसती गर्दी वाढते, असं शिपाई लोक म्हणायचे. एकुलती एक मुलगी शिल्पा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. बापाचं भाषण सुरू झालं की ती उठून पाणी प्यायला जायची आणि संपल्याशिवाय परत यायची नाही.

२

शिल्पासाठी लातूरचं स्थळ आलं तिथून हे सगळं सुरू झालं. मुलगा चांगला, शिल्पाला पसंत. अडचण होती ती मुलाच्या वडिलांची. सुदर्शनरावांच्या दिवाणखान्यात भिंतभर वंशवृक्ष टांगलेला होता, काचेच्या चौकटीत, आणि त्यांच्या पणजोबांच्या नावापुढे 'देशमुख, परगणा' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं कोण होतं हो, त्या काळात?"

भुजंगरावांनी कप खाली ठेवला. तेही काही कमी नव्हते. त्यांनी लगेच आपल्या पणजोबांना पुढे केलं. ग्यानोबा टेकाळे, हिंगोलीच्या छावणीत, इंग्रजांच्या रिसाल्यात दफेदार. घोडदळातला हुद्दा. स्वतःचं घोडं, कमरेला तलवार, खाकी कोट, पितळी बटणं. एक दिवस घोड्यावर बसून गेले ते गेलेच. कुठल्या लढाईत पडले की कुठे तापानं मेले, कुणाला ठाऊक नाही.

"हे कशावरून?" सुदर्शनराव म्हणाले.

"आमचा हेळवी येऊन सांगेल ना," भुजंगराव म्हणाले. "तुमच्या समोर म्हणेल. या आमच्याकडं."

हेळवी म्हणजे पिढ्या म्हणणारा. दर दोन-तीन वर्षांनी सुगी झाल्यावर यायचा आणि घराण्याचा मूळ पुरुष धरून एकेक नाव पुकारत खाली उतरायचा. पद्धत अशी की नाव पुकारलं, की घरात जो वयानं सगळ्यात मोठा असेल त्यानंच उत्तर द्यायचं. मेलेल्याचं नाव आलं तर "गेले" म्हणायचं आणि मूठभर ज्वारी सुपात सोडायची. जित्या माणसाचं आलं तर "हाय" म्हणायचं, ज्वारी सोडायची नाही. शेवटी सुपातली ज्वारी हेळव्याची.

भुजंगरावांनी लहानपणापासून हे पाहिलं होतं. बापाच्या पायाशी बसून. त्यात एक गोष्ट त्यांना नेहमी खटकायची. दयानंदराव सगळ्यांना एकदा "गेले" म्हणायचे, पण ग्यानोबाचं नाव आलं की दोनदा म्हणायचे. "गेले. गेले." आणि ज्वारीही दोन मुठी. असं का, म्हणून भुजंगरावांनी एकदा विचारलं होतं.

"त्याला एकदा म्हणून भागत न्हाई," एवढंच म्हातारा म्हणाला होता आणि तंबाखू मळायला लागला होता.

३

हेळवी सोमेशप्पा उदगीरच्या पुढचा, कर्नाटकाच्या शिवेवरचा. त्याचा बाप बैलावर बसून यायचा. सोमेशप्पा मोटारसायकलवर यायचा, पण रीत मोडायची नाही म्हणून खाली न उतरता, गाडी दारात स्टँडवर लावून, सीटवर बसूनच पिढ्या म्हणायचा. हातात घंटी.

सुदर्शनराव बैठकीत पाय पसरून बसले होते. चेहऱ्यावर असं हसू, की म्हणा तुमचं काय ते. घंटी वाजली.

"मूळ पुरुष मल्हारजी."

"गेले," भुजंगराव खुर्चीतून म्हणाले. ज्वारी सुपात पडली.

"मल्हारजीचा ग्यानोबा, रिसाल्यातला दफेदार."

सुदर्शनराव सावरून बसले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. भुजंगरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या अंगात शोकसभा संचारली. ज्वारीची मूठ हातात तशीच धरून ते उभे राहिले. घसा साफ केला.

"ग्यानोबा दफेदार गेले असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "माणूस देहानं जातो. पण दफेदार या घरात हाय. आजबी हाय."

आणि मूठ परत ज्वारीच्या टोपलीत रिकामी केली. सुदर्शनरावांनी चक्क टाळी वाजवली. शिल्पा पाणी प्यायला आत गेली.

घंटी मात्र थांबली होती. सोमेशप्पाचा हात वरच राहिला.

"मालक," तो हळूच म्हणाला, "मूठ सुपात सोडा की."

भुजंगराव म्हणाले, काळजी करू नकोस, तुझी ज्वारी कमी पडू देत नाही, वाटल्यास पायलीभर जास्त घेऊन जा. सोमेशप्पा म्हणाला, ज्वारीचं नाही. मग कशाचं, ते काही त्यानं सांगितलं नाही. भुजंगरावांच्या मागे एकदा पाहिलं, खुर्चीकडे, आणि पुढची नावं घाईघाईनं उरकली. शिवलिंग, गेले. दयानंद, गेले. भुजंग, हाय.

"पुढं काय न्हाई," सोमेशप्पा म्हणाला. "पोरींची नावं यात येत न्हाईत."

"का?" शिल्पानं दारातून विचारलं. भुजंगराव तिला समजावून सांगू लागले. "बेटा, आपल्या संस्कृतीत..." एवढं ऐकून ती परत पाणी प्यायला गेली.

सोमेशप्पानं गाडीला किक मारली. सुपातली ज्वारी त्यानं नेली नाही. हे मात्र सिंधुबाईच्या लगेच लक्षात आलं, कारण उरलेल्या ज्वारीचं काय करायचं हा प्रश्न शेवटी तिच्याच पदरात पडणार होता.

लातूरकडून त्याच संध्याकाळी होकार आला.

४

पहिल्यांदा चहाचा कप जास्त झाला.

सिंधुबाईनं ट्रे आणला, भुजंगरावांनी एक कप उचलला, शिल्पानं एक, सिंधुबाईनं एक, आणि एक उरला. "कुणाचा?" भुजंगरावांनी विचारलं. सिंधुबाईनं कपाकडे पाहिलं. चुकून झाला असेल, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही चुकून झाला. तिसऱ्या दिवशी भुजंगरावांनी विचारलं नाही, आणि तो उरलेला कप थोड्या वेळानं रिकामा दिसला. शिल्पानं प्यायला असेल, असं भुजंगरावांना वाटलं. शिल्पाला वाटलं, पप्पांनी प्यायला.

मग खुर्ची. सकाळी आंघोळ करून भुजंगराव बसायला गेले तर बैठक गरम. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. खिडकीतून ऊन येतं, त्यांनी स्वतःला समजावलं. खिडकी पश्चिमेला होती. सकाळचं ऊन पश्चिमेकडून येत नाही, हे रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. कळलंही, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. वास मात्र मनावर न घेऊन चालेना. घोड्याचा वास. ओल्या चामड्याचा आणि घामाचा. माळेगावच्या जत्रेत घोड्यांच्या बाजारात येतो तसा. तरोडा नाक्यावरच्या दुमजली घरात, फरशी रोज फिनेलनं पुसत असताना, हा वास कुठून येणार? वरच्या भाडेकरूंकडे विचारून पाहिलं. ते रागावले.

आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की सिंधुबाई बैठकीतून जाताना डोक्यावर पदर घेते. सासरे गेल्यापासून तिनं पदर सोडला होता, आणि किती हलकं वाटतं म्हणून चार बायकांत बोलूनही दाखवलं होतं.

"पदर कशाला?" भुजंगरावांनी विचारलं.

सिंधुबाईनं डोक्याला हात लावून पाहिलं. तिलाही ते ठाऊक नव्हतं. "कोण जाणे," ती म्हणाली. "मोठं माणूस बसलेलं असलं की हात आपोआप जातो."

भुजंगराव खूश झाले. आपल्याला मोठं माणूस म्हटलं, असं त्यांना वाटलं. ते तेव्हा बसले होते दिवाणावर.

५

समोर जलीलभाईंचं टेलरिंगचं दुकान होतं. दोन पिढ्यांची ओळख. एका दुपारी जलीलभाई स्वतः पार्सल घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. हे नवलच होतं. एरवी ते चपला काढतानाच बोलायला सुरुवात करायचे.

पार्सलमध्ये कोट होता. खाकी, बंद गळ्याचा. पितळी बटणांचा.

"हा कुणी शिवायला टाकला?" भुजंगराव म्हणाले.

"तुमच्याकडचे बडे मालक," जलीलभाई म्हणाले. "दुकानात येऊन उभे राहिले. मी म्हणलं बसा, तर बसले नाहीत. माप घे म्हणले."

"जलीलभाई, आमचे वडील गेल्या उन्हाळ्यात वारले. तुम्ही खांदा द्यायला होता."

"ते नाही हो," जलीलभाई म्हणाले. आवाज त्यांनी खाली आणला. "उनसे भी बडे."

भुजंगराव हसले. आता असल्या प्रसंगी माणूस दुसरं काय करणार? चेहरा पाहिला का, त्यांनी विचारलं. जलीलभाई आठवू लागले. छाती मोजली, बाह्या मोजल्या, गळ्याला टेप लावला. टेप लावताना माणूस चेहऱ्यासमोरच असतो. पण चेहरा काही त्यांना आठवेना. टेप गार पडली होती, एवढं आठवत होतं.

"माप घेताना लोक बोलत असतात," ते म्हणाले. "हे फक्त एकदा बोलले. भुजंगला सांगू नको म्हणले. पण मी म्हणलं, इतक्या वर्षांची पहचान आहे, सांगायला पाहिजे." आणि शिलाईचं नाव न काढता रस्ता ओलांडून गेले.

भुजंगरावांनी कोट अंगाला लावून पाहिला. त्यांना तो कितीतरी मोठा होता. त्यांनी तो कपाटात खाली दाबून ठेवला, वर दोन चादरी टाकल्या. संध्याकाळी पाहिलं तर चादरी तेवढ्या होत्या, घडी घातलेल्या.

६

या सगळ्याची माणसाला सवय होते, हीच खरी भयंकर गोष्ट. भुजंगराव खुर्चीत बसेनासे झाले. कुणी मनाई केली नव्हती. नुसतं जवळ गेलं की पाय आपोआप दिवाणाकडे वळायचे. पहिला कप आता खुर्चीशेजारच्या तिपाईवर जायचा. ताटं वाढली की सिंधुबाई एक ताट आधी तिकडे नेऊन ठेवायची, मग त्यांच्याकडे यायची. त्यांनी तक्रार केली तर म्हणाली, "असं काय करता? जरा धीर धरा की." जणू तेच हट्टाला पेटलेलं पोर.

एकदा चप्पल घालून निघाले आणि दारात थबकले. खुर्चीकडे तोंड करून ते म्हणत होते, "कटिंगला जाऊन येऊ का?" स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला. मग खुर्ची कर्रकन वाजली, आणि भुजंगरावांनी चप्पल काढून ठेवली.

त्यांना भीती वाटली ती भुताची नव्हे, हे इथं सांगायला पाहिजे. साठ वर्षं वाट पाहून मिळालेली जागा हातची चालली, याची होती. नवऱ्याच्या नाही, बापाच्या नाही, निदान वडीलधाऱ्याच्या जागेवर तरी बसू द्या म्हणणारा माणूस होता तो.

शिल्पाच्या साखरपुड्याची तारीख ठरली. भुजंगरावांना कुणी विचारलं नव्हतं.

"विचारलं की," शिल्पा म्हणाली. "हो म्हणाले."

"कोण हो म्हणालं?"

शिल्पानं हातातली वही मिटली. तिचं शास्त्र शिकलेलं डोकं काहीतरी जुळवू पाहत होतं. "तुम्हीच ना, पप्पा?" ती म्हणाली आणि वह्या तपासायला निघून गेली. पण जाताना मागं वळून खुर्चीकडे तिनं एकदा पाहिलं.

त्याच दिवशी भुजंगरावांनी उदगीरची एसटी पकडली. हात दाखवून अवलक्षण त्यांनीच केलं होतं, तेव्हा निस्तरायचंही त्यांनाच होतं. उपाय सोपा होता. सोमेशप्पाला परत आणायचा, नाव पुकारायला लावायचं, आणि बापासारखं खणखणीत दोनदा "गेले" म्हणून दोन मुठी ज्वारी सोडायची. लोहा मागं पडल्यावर ते सराव करू लागले. "गेले. गेले."

शेजारचा धोतरवाला गृहस्थ दचकला. "कोन गेलं हो?"

"पणजोबा," भुजंगराव म्हणाले.

"अरारा. कवा?"

"सव्वाशे वर्षं झाली असतील."

गृहस्थ उठून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

सोमेशप्पा यायला तयार नव्हता. ही काही पुसून परत लिहायची पाटी नाही, तो म्हणाला. भुजंगरावांनी हात जोडले. साठीचा माणूस दारात हात जोडून उभा राहिलेला पाहून सोमेशप्पाची बायकोच आतून कन्नडात काहीतरी बोलली, आणि तो गप्प झाला.

"येतो," तो म्हणाला. "पर मालक, म्या निस्ता पुकारणारा हाय. बोलनार ते घरातलं वडील मानूस. ते ध्यानात ठिवा."

"मीच की वडील माणूस," भुजंगराव म्हणाले.

सोमेशप्पा घंटी शोधायला आत गेला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकल दारात उभी राहिली. सोमेशप्पा सीटवरच बसला, तोंड रस्त्याकडे करून. घराकडे त्यानं पाठ केली होती. बैठकीत सिंधुबाईनं सूप मांडलं, शेजारी ज्वारीची टोपली, आणि डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसली. शिल्पा दारात. भुजंगराव खुर्चीच्या पुढं उभे, खुर्चीकडे पाठ करून, उजव्या मुठीत ज्वारी गच्च धरून. समोर जलीलभाईंची शिलाई मशीन चालू होती. ती थांबली.

घंटी वाजली.

"मूळ पुरुष मल्हारजी."

भुजंगरावांनी तोंड उघडलं.

"गेले."

आवाज त्यांचा नव्हता. जाडा होता, पुष्कळ दिवस न बोललेल्या माणसाचा. सुपात ज्वारी पडल्याचा सर्रर्र आवाज झाला. भुजंगरावांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. मूठ गच्च मिटलेली होती.

"मल्हारजीचा ग्यानोबा, रिसाल्यातला दफेदार."

"गेले!" भुजंगराव ओरडले. "गेले!" आणि मुठीतली सगळी ज्वारी सुपावर फेकली.

घंटी वाजायची थांबली होती. उत्तर अजून यायचं असलं की थांबते तशी. सिंधुबाई वाट पाहत होती. शिल्पाही. फेकलेली ज्वारी सुपाच्या बाहेर पडली की कुठे गेली, ते भुजंगरावांना दिसेना.

मागं खुर्ची कर्रकन वाजली.

"हाय," आवाज म्हणाला.

"ग्यानोबाचा शिवलिंग."

या नावाला ज्वारी लगेच पडली नाही. दफेदार घोड्यावर बसून गेले तेव्हा शिवलिंग पाळण्यात होता, असं घरात सांगत. भुजंगरावांना अशातही वाईट वाटलं. खरंच वाटलं.

"गेला?" आवाजानं विचारलं.

सिंधुबाईनं मान खाली घालून होकार दिला.

"गेला," आवाज म्हणाला. ज्वारी हळूहळू पडली.

"शिवलिंगचा दयानंद."

"गेला."

"दयानंदचा भुजंग."

भुजंगरावांनी हात वर केला. शाळेत हजेरीला करायचे तसा. "हाय," ते म्हणाले. "हाय हाय. इथंच हाय." सोमेशप्पाची पाठ हलली नाही. तेव्हा भुजंगराव मागं वळले. सगळं काही त्यांना दिसलं नाही, आणि जे दिसलं तेही त्यांनी नंतर मनातल्या मनात पुष्कळदा तपासून पाहिलं. खुर्चीच्या हाताच्या पुढं एक बाही आली होती. खाकी, कडक, जलीलभाईंच्या बारीक टाक्यांची, मनगटाशी पितळी बटण. बाहीतून आलेला हात टोपलीत गेला. बोटांच्या बेचक्यांत लगाम धरून पडलेले घट्टे होते. हातानं मूठभर ज्वारी उचलली आणि सुपाच्या वर येऊन थांबला.

विचार करून राहिले, भुजंगरावांना वाटलं. ओळख पटत नसेल. एकदा नीट बघितलं तर पटेल. नाक तर आमच्या सगळ्यांचं एकच. त्यांनी चेहरा पुढं केला, अगदी जवळ.

मूठ उघडली.

"गेला," आवाज म्हणाला.

सिंधुबाईनं उसासा टाकला. "स्वभावानं चांगले होते," ती म्हणाली. "बोलायचे फार."

"पुढं?" सोमेशप्पानं रस्त्याकडे पाहतच विचारलं.

"पुढं मी आहे," शिल्पा म्हणाली. "शिल्पा."

हेळवी थांबला. खुर्ची वाजली.

"हाय," आवाज म्हणाला.

"पिढी पुरी झाली," सोमेशप्पा म्हणाला आणि घंटी खिशात टाकली. या वेळी त्यानं ज्वारी नेली.

सिंधुबाई उठली, चहा ठेवला. ट्रे घेऊन आली. एक कप तिपाईवर गेला, एक शिल्पाला, एक तिचा. ट्रेमध्ये काही उरलं नाही. कितीतरी दिवसांनी हिशोब बरोबर जुळला म्हणून तिनं समाधानानं ट्रे पुसला. "सिंधू, माझा कप," भुजंगराव म्हणाले. तिनं पंखा जरा कमी केला.

भुजंगराव उंबऱ्याजवळ, चपलांशेजारी बसले. लहानपणी बसायचे तिथंच. ते मनाला धीर देऊ लागले. हेळवी दोन-तीन वर्षांनी परत येणार. आज ना उद्या खुर्चीतलं माणूस उठेल. नाहीच उठलं, तरी कधीतरी शिल्पा घरातली सगळ्यात मोठी होईल, पुकाऱ्याला उत्तर तीच देईल. 'दयानंदचा भुजंग' असं नाव येईल तेव्हा तिनं फक्त एक वाक्य म्हणायचं. किती साहेबांसाठी त्यांनी ते म्हटलं होतं. पप्पा गेले असं मी म्हणणार नाही, पप्पा आपल्यात आजही आहेत. एवढंच. मोठं भाषण नको, एकच वाक्य.

त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. शिल्पा चहा पीत होती, आणि शिल्पाला लहानपणापासून भाषणांचा कंटाळा होता.